एकाच रविवारी सगळी बाग साफ करू नकोस

पत्र आलंय ते असं:

"काकू, घरामागे छोटीशी बाग आहे, दोन वाफे आणि दहा-बारा कुंड्या. बागकामाचं हे माझं पहिलंच वर्ष. उन्हाळाभर मस्त चाललं होतं, पण शरद लागल्यापासून सगळंच बिघडल्यासारखं दिसतंय. पानं पिवळी पडतायत, काकडीच्या वेलावर पांढरी पावडर आलीये, टोमॅटोला ढीगभर हिरवी फळं आहेत पण पिकत नाहीयेत. कुंपणाशी एक जुनं झुडूप आहे, वसंतात फुलांनी गच्च भरतं, तेही आता अस्ताव्यस्त झालंय. मी ठरवलंय की येत्या रविवारी सगळं उपटायचं, छाटायचं, भरपूर खत घालायचं आणि बाग एकदम चकाचक करून टाकायची. नवरा म्हणतो आता थंडीत काही होत नसतं, सोडून दे, पुढच्या वर्षी बघू. कोणाचं बरोबर? आणि घरातल्या कुंड्या उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यात, त्या आत कधी घ्यायच्या?"

अगं, रविवारी कात्री हातात घ्यायच्या आधी तुला हे मिळावं म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुझंच उत्तर लिहायला घेतलंय. तुझं थोडं चुकतंय आणि तुझ्या नवऱ्याचं जरा जास्तच चुकतंय. थंडीत काही होत नाही हे खरं नाही, होतं, फक्त ते दिसत नाही कारण ते मातीच्या खाली होत असतं.

उद्या सकाळी लवकर उठून बाहेर जा आणि वाफ्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघ. हवा गार लागेल, अंगावर शाल घ्यावीशी वाटेल, पण बोटाला माती कोमट लागेल. उन्हाळाभर मातीने जी ऊब साठवलेली असते ती हवेसारखी झटकन जात नाही, हळूहळू जाते. म्हणजे वर पानांना थंडी वाजायला लागलीये, दिवस लहान झालाय (उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात, दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी हेच सगळं मार्चमध्ये धरायचं), त्यामुळे झाड वर वाढायचं कमी करतं, पण खाली मुळं मात्र अजून मजेत वाढतायत. ऊन कमी म्हणून पानांतून पाणी कमी उडतं, माती उबदार आणि ओलसर, मुळांना याच्याहून चांगले दिवस वर्षात क्वचितच मिळतात. तर या दिवसांत मुळांना मदत होईल ते सगळं करायचं आणि झाडाला नवीन पालवी फोडायला लावेल ते सगळं थांबवायचं. एवढं धरून ठेवलंस ना की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुझी तुलाच मिळतील.

म्हणून पहिली गोष्ट, ते भरपूर खत राहू दे. झाडं मलूल दिसली की आपल्याला वाटतं उपाशी आहेत बिचारी, आणि आपण नत्राचं (नायट्रोजनचं) खत घालतो, मग त्याला कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि पहिल्याच कडक थंडीत ती काळी पडते, वर त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो तो वेगळाच. झाडाने थंडीसाठी जे राखून ठेवायचं ते आपण त्याला खर्च करायला लावतो. चांगलं कुजलेलं कंपोस्ट असेल तर मोकळ्या झालेल्या वाफ्यावर दोन-तीन बोटं जाड पसर आणि तसंच राहू दे, खणून आत मिसळायचीही गरज नाही, गांडुळं ओढून नेतात खाली. बाकी काही घालू नकोस.

आता पिवळी पानं. एक काम कर, खालच्या बाजूचं चांगलं पिवळं झालेलं पान घे आणि देठावर बोटाने अगदी हलकं खाली दाब. टच् करून गळून पडेल, ओढावं लागणार नाही, आणि जिथून गळालं तिथे फांदीवर छोटासा कोरडा, बंद झालेला व्रण दिसेल. म्हणजे झाडाने ते पान ठरवून सोडलेलं असतं. आधी पानातलं हिरवं द्रव्य मोडून त्यातला नत्र-स्फुरद परत फांदीत ओढून घेतं, त्या हिरव्याखाली पिवळा रंग आधीपासून असतोच तो उघडा पडतो, मग देठाशी एक थर तयार करून दार बंद करतं. शेजारचं हिरवं पान तसंच दाबून बघ, ते सुटणार नाही, ओढलंस तर साल सोलून निघेल. हा फरक एकदा बोटांना कळला की पिवळ्या पानाची भीती जाते. काळजी कधी करायची, तर खालची जुनी पानं सोडून वरचा नवा शेंडाच पिवळा पडत असेल, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका असं काही दिसत असेल तर, किंवा झाडच्या झाड एकदम लोळलं असेल आणि माती चिखल असेल तर. आणि हे चिखलाचं मी या दिवसांत फार बघते, उन्हाळ्यात रोज झारीभर पाणी घालायची हाताला सवय लागलेली असते ती सुटत नाही आणि मुळं कुजतात. आता रोज नको. बोट घाल, वरची दोन पेरं कोरडी लागली तरच घाल, आणि सकाळी घाल, संध्याकाळी नको.

काकडीवरची पांढरी पावडर म्हणजे भुरी. ही बुरशी आहे पण बाकीच्या बुरशींसारखं हिला पान ओलं लागत नाही, दिवसा ऊबदार आणि रात्री गार-दमट अशी हवा मिळाली की पुरतं, आणि शरदाच्या सुरुवातीला नेमकी तशीच हवा असते. म्हणजे तुझं काही चुकलेलं नाहीये हं, पहिल्या वर्षी लोक फार मनाला लावून घेतात म्हणून सांगतेय. काकडीचा वेल तसाही एका हंगामाचाच, थंडी त्याला सोसत नाही. वेलावर अजून वाढण्यासारख्या काकड्या असतील तर जास्त खराब झालेली पानं तेवढी काढ आणि आठवडा-दोन आठवडे थांब, नसतील तर सरळ कापून टाक. फक्त ती पानं कंपोस्टमध्ये घालू नकोस. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला तर रोगाचे जंतू बहुतेक मरतात, पण घरगुती छोटे ढीग तेवढे तापतच नाहीत, कोमट होतात आणि थांबतात.

टोमॅटोचं मात्र जरा सविस्तर सांगते कारण इथे थोडं लक्ष दिलंस तर पदरात खूप काही पडेल. फळ पिकायला ऊन लागतं असा सगळ्यांचा समज असतो आणि मग लोक उन्हात फळं यावीत म्हणून झाडाची पानं ओरबाडतात. फळाला ऊन नाही, ऊब लागते. लाल रंग साधारण २० ते २५ अंशांत उत्तम चढतो, १० अंशांच्या खाली काम जवळपास ठप्प होतं. म्हणून आता सगळ्यात आधी प्रत्येक फांदीचा शेंडा खुड आणि फुलं काढून टाक, हो, सगळी, जीव तुटतो पण या फुलांची फळं व्हायला आता वेळच नाही, आणि झाडाची ताकद मात्र त्यांच्यात जाते. पाणी कमी कर. मग आहेत ती फळं रोज बघत जा. ज्याच्या बुडाशी हिरव्यावर थोडीशी पिवळसर-गुलाबी झाक आली ते तोडून घरात आणलंस तरी चालतं, घरात ते व्यवस्थित लाल होतं. कागदी पिशवीत ठेव, सोबत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद टाक, पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो तो बाकीच्यांना पिकवतो. फ्रिजमध्ये नको, आणि खिडकीत उन्हात ओळीने मांडायचीही गरज नाही.

आणि जी पूर्ण हिरवीच आहेत त्यांचं काय, तर त्यातलं एक फळ मधोमध कापून बघ. बियांभोवती चिकट रस तयार झालेला असेल आणि सुरी लागली तरी बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील तर समज की त्याच आकाराची बाकीची हिरवी फळं घरात पिकतील. बिया मऊ असतील आणि फळाबरोबर कापल्या गेल्या असतील तर ती कच्चीच आहेत, ती पिकणार नाहीत, झाडावर जितके दिवस राहतील तितके राहू देत. कडाक्याच्या थंडीची रात्र येणार असं कळलं की मात्र आदल्या दिवशी सगळी उतरवून घे, हिम लागलेलं फळ पिकत नाही, सडतं.

झाडं काढताना "सगळं उपटायचं" हे मनातून काढून टाक. निरोगी झाड असेल तर मातीलगत कात्रीने काप आणि मुळं आतच राहू दे, ती कुजून जमीन भुसभुशीत होते, आणि त्या पोकळ वाटांनी पाणी-हवा खाली जाते. घेवडा, वाटाणा असल्या शेंगवर्गीय झाडांचं तर हमखास असंच करायचं, त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, उपटून फेकलंस तर ते सगळं गेलं. रोगट झाड असेल तर मात्र मुळासकट बाहेर काढायचं.

मोकळ्या झालेल्या वाफ्यात आता काय, इथे नवऱ्याला उत्तर द्यायचंय ना, छोटा गोल लाल मुळा पेर. २५-३० दिवसांत हाती येतो, एवढं पटकन फार थोड्या भाज्या येतात. पालक पेर, तुमच्याकडे थंडी सौम्य असेल तर वाटाणा आणि गाजरही. लेट्यूसचं बी उन्हाळ्यात घातलं होतंस आणि उगवलंच नाही असं झालं असेल तर त्यात बियांचा दोष नव्हता, माती तिशीच्या आसपास तापली की ते बी झोपूनच राहतं, आता टाक, आठवड्याभरात वर येईल. उशीर मात्र करू नकोस, कारण दिवस जसा १० तासांच्या खाली जातो तशी वाढ जवळजवळ थांबते, तोवर रोपं हाताच्या पंज्याएवढी तरी झालेली हवीत. कडक थंडी असणाऱ्यांनी काहीच पेरायचं नसेल तर निदान माती उघडी ठेवू नये, मातीसाठी म्हणून मोहरी किंवा क्लोव्हर (तीन पानांचं गवतासारखं पसरणारं शेंगवर्गीय पीक) टाकावं, वाढेल तेवढं वाढेल, नंतर कापून तिथेच पसरायचं.

आणि लसूण! लसूण लावच, अगदी एका कुंडीत का होईना. थोडा थांबून, गारवा अजून जरा वाढला की. गड्ड्यातल्या मोठ्या पाकळ्या निवड, साल काढू नकोस, चपटं बूड खाली आणि टोक वर, ५ सेंटीमीटर खोल, दोन पाकळ्यांमध्ये १०-१५ सेंटीमीटर अंतर. त्याला मधे काही आठवडे थंडी लागतेच, ती मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या नीट पडत नाहीत, एकच गोल कांदी होऊन बसते. मी पहिल्यांदा लावला तेव्हा तीन आठवडे झाले तरी वर काहीच दिसेना, रोज जाऊन बघायचे, शेवटी न राहवून एक पाकळी हळूच खुरप्याने उकरून काढली. वरच्या टोकाला जेमतेम तांदळाएवढा हिरवा कोंब, आणि खाली बोटभर लांब पांढऱ्या मुळांचा झुपका, माती घट्ट धरून बसलेला, झटकली तरी सुटेना. तशीच परत पुरली, पुढे ती आली पण व्यवस्थित. तुझ्या नवऱ्याला हेच कर म्हण, एक पाकळी उकरून बघ, थंडीत काही होतं की नाही ते.

आता ते कुंपणाजवळचं झुडूप. त्याला हात लावू नकोस. मी हे कळकळीने सांगतेय कारण मी हे केलेलं आहे. नव्या घरी आलो त्या पहिल्या शरदात अंगणातलं लायलॅक असंच वेडंवाकडं वाढलेलं होतं, मी एका दुपारी ते छान गोल छाटलं, सगळे म्हणाले वा किती नीटस दिसतंय. वसंतात आजूबाजूला सगळीकडे फुलं, आमच्याकडे नुसता पाला, एक फूल नाही, वर्षभर वाट बघावी लागली. वसंतात फुलणारी झुडपं, लायलॅक, अझेलिया, फोर्सिथिया वगैरे, पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षीच्या उन्हाळ्यात तयार करून ठेवतात. आता ज्या फांद्या तुला अस्ताव्यस्त दिसतायत त्यांच्या टोकाशी जवळ जाऊन बघ, काही ठिकाणी बारीक निमुळते डोळे असतील, त्यातून पानं येणार, आणि काही ठिकाणी टपोरे फुगीर असतील, ती तुझी वसंतातली फुलं. त्याची छाटणी करायची ती फुलं सरल्या सरल्या. आत्ता फक्त वाळलेल्या फांद्या काढ, आणि वाळलीये की नाही ते नखाने साल किंचित खरवडून बघ, आत हिरवं ओलं दिसलं तर जिवंत आहे, सोडून दे. गुलाबालाही आत्ता मोठी छाटणी नको, त्याला धुमारे फुटतील आणि थंडीत करपतील, वाऱ्याने हेलपाटतील अशा फार उंच फांद्या थोड्या कमी केल्यास तर चालेल.

नवीन झुडूप किंवा झाड लावायचं मनात असेल तर मात्र हीच वेळ, वसंतापर्यंत थांबू नकोस. खड्डा रुंदीला मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट घे पण खोलीला तेवढाच, खोल पुरलं की खोड कुजतं, खोड जिथे खाली पसरट व्हायला लागतं ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर बोटांनी सोडव, नाहीतर ती जमिनीतही तशीच गोल फिरत राहतात. पाणी भरपूर दे, आणि वर पाऊस येतोय म्हणून पहिले दोन महिने दुर्लक्ष करू नकोस. वसंतात फुलणारे कंद, डॅफोडिल वगैरे, तेही याच हंगामात, कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल. जुनी गच्च झालेली बहुवर्षायू झाडं असतील, डे लिलीसारखी, तर गड्डा उकरून त्याचे तुकडे कर, प्रत्येक तुकड्याला तीन-चार कोंब आणि भरपूर मुळं हवीत, आणि लगेच लाव, मुळं उन्हात सुकू देऊ नकोस.

चकाचक बागेची तुझी हौस मला कळते गं, पण पालापाचोळा म्हणजे कचरा नाही. हिरवळ असेल तर तिच्यावर जाड थर राहू देऊ नकोस, खालचं गवत गुदमरतं, तेवढा गोळा कर. पण गोळा केलेला फेकू नकोस आणि जाळू तर अजिबात नकोस. एका काळ्या पिशवीत भर, चांगला ओला कर, पिशवीला चार-पाच भोकं पाड आणि कोपऱ्यात ठेवून विसरून जा, वर्ष-दीड वर्षाने उघडशील तेव्हा काळंभोर, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास येणारं पानांचं खत तयार असेल. थोडा पाला वाफ्यांवर चार-पाच बोटं जाड पसर, फक्त खोडाला चिकटवू नकोस, वीतभर जागा सोड. आणि फुलझाडांचे वाळलेले पोकळ दांडे, सुकलेली फुलं यातलं निदान अर्धं तरी वसंतापर्यंत उभं राहू दे, चित्रांग भुंगेरे (लेडीबर्ड), छोट्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या तिथेच थंडी काढतात, यांतले भुंगेरे पुढच्या वर्षी तुझ्या झाडांवरचा मावा खाणार आहेत. माझ्या मते बाग थोडी विस्कटलेलीच बरी दिसते या दिवसांत.

घरातल्या कुंड्यांचं राहिलं. रात्रीचं तापमान १२ अंशांच्या आसपास यायला लागलं की आत घे, १० च्या खाली जायची वाट बघू नकोस. एकदम नको, आधी चार-सहा दिवस सावलीत ठेव म्हणजे कमी उजेडाची सवय होईल. आत घेण्याआधी प्रत्येक पान उलटून बघ, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढ, आणि असं झाड दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेव. आत आल्यावर थोडी पानं गळतील, गळू देत, लगेच पाणी वाढवू नकोस, खत नको, कुंडी बदलणं नको.

तर या रविवारी टोमॅटोचे शेंडे, काकडीचा वेल आणि मुळा-पालकाची पेरणी, एवढंच कर, अर्ध्या दिवसात होतं. कुंड्या त्याच्या पुढच्या आठवड्यात, पाला जसा पडेल तसा, लसूण आणि कंद सगळ्यात शेवटी. आणि कंद लावशील तिथे एकेक काडी रोवून त्यावर नाव लिहून ठेव, पेन्सिलीने लिही, पेनाची शाई दोन पावसांत जाते, कारण वर महिनोन् महिने काही दिसणार नाही आणि कोणीतरी रिकामी जागा समजून तिथेच खुरपं मारेल.